भाकीत खरं ठरलं त्या आठवड्यात

२८ जून २०१५, रविवार

उद्यापासून बँका बंद! आत्ताच टीव्हीवर जाहीर झालं. अठरा वर्षं दर गुरुवारी पेपरात हेच लिहीत आलो – ग्रीस बुडणार, बुडणार! आणि आज बुडालं तर माझेच हातपाय गार पडलेत.

माझी बायको स्तामातिया म्हणाली, "खरं झालं की रे तुझं! मग बायको मेल्यासारखा काय बसलायस?"

मिर्सिनीला फोन लावला. उचलला नाही. पोरीनं एकदा म्हणावं – बाबा, तुझंच बरोबर होतं. बाकी आमच्या या थेसालोनिकी शहराशी मला काय करायचंय?

२९ जून

आज संत पाव्हलोसचा सण; माझं नाव त्याच्यावरूनच, म्हणजे आज माझा नामदिन. दार उघडं ठेवायचं, येईल त्याचं तोंड गोड करायचं. दर वर्षी स्तामातिया ताटभर मिठाई आणते. मिर्सिनी तेवढी येते, उरलेली मिठाई आम्ही दोघं आठवडाभर खात बसतो. अपशकुनी माणसाकडे कोण फिरकणार? कॅफेवाला थ्रासोस तर मी खुर्चीत टेकलो रे टेकलो की तीनदा थू थू थू करतो!

आणि आज? जिन्यापर्यंत माणसं! एटीएमच्या रांगेतून दिवसाला मिळतात तेवढे साठ युरो घेऊन थेट माझ्याकडे. चेहरे पांढरेफटक, हातात माझ्यासाठी मिठाईचे खोके. थ्रासोसनं चक्क मिठी मारली. "माझी सगळी थुंकी परत घेतो, पाव्हलोस! आता पुढं काय बुडणार ते आधी माझ्या कानात सांग!"

अंगावर काटाच आला. या लोकांना मी देवदूत वाटतोय की काय!

मिर्सिनी आली नाही. असं कधीच झालं नव्हतं.

३० जून

फोन नाही.

२ जुलै, गुरुवार

आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"आलं का एकदाचं तुझं वादळ, बाबा?"

मी हसलो – गाढव! म्हणालो, "सांगत नव्हतो?"

"सांगत होतास ना. अथेन्सला ऑलिम्पिक झालं त्या वर्षी, २००४ला, लिहिलंस – घर कोसळणार आहे, त्यात पाळणा बांधू नका. मी आणि लेफ्तेरिस थांबलो. दर वर्षी म्हणायचो, बाबा म्हणतोय ते एकदा होऊन जाऊ दे, मग मूल. मी चव्वेचाळीसची झाले. सोमवारी डॉक्टरांकडे होते. म्हणाले, आता नाही."

स्तामातियाच्या हातातली बशी पडली.

"बरोबर होतास तू," एवढं बोलून पोरगी गेली.

माझ्या लेखामुळे? माझ्या पोरीनं?

४ जुलै

लेख सापडला. पाळण्याची ओळ अगदी शेवटी आहे. आता आठवतंय – छापखान्यातून फोन आला होता, खाली एका ओळीची जागा उरतेय म्हणून. सुचलं ते सांगून टाकलं.