पुलाच्या कडेची दोन हात जागा

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहितोय. सातवीनंतर पेन धरलेलं नाही, तेव्हा अक्षर लावत लावत वाच. इथेही पूलच बांधतोय, पाण्यावर लटकून सळ्या बांधायच्या. पाठीचा भुगा होतो. पण चुकलं की मुकादम तिथल्या तिथे शिव्या घालतो, ते एक बरं.

आपल्या पुलाचा पहिला नकाशा तू काढलास आणि घरी दाखवायला नेला मी. बाबांनी धार लावायचं चाक थांबवलं, हात पुसले आणि विचारलं, माझी गाडी जाईल का रे यावरून? पलीकडे नेणाऱ्या लाँचवर त्यांची हातगाडी कधी घेतलीच नाही. पलीकडच्या गावात सगळ्यांच्या सुऱ्या बोथट असणार, असं जन्मभर म्हणत आलेत. धांदरटा, नीट बघून सांग, म्हणाले. मी कडेचा फूटपाथ दाखवला. दोन हात रुंद. त्यांनी उठून गाडी मोजली. पावणेदोन भरली.

पुढे त्याच कडेला सळ्या बांधताना कळलं, फूटपाथच नाही. तू म्हणालास, वजन वाढत होतं, वरून सांगितलं, पुसला. तुझा इलाज नसेल, मान्य. पण बाबांना मी सांगतो, असंही तूच म्हणालास. मीही तुझ्यावर सोडून इकडे निघून आलो. त्याला दोन वर्षं झाली.

उद्घाटनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, चाकांना तेल देऊन, गाडी ढकलत गेले. हातगाडीला पुलावर बंदी म्हणून पहारेकऱ्याने अडवलं तर म्हणाले, माझ्या थोरल्याने काढलाय हा पूल. लोक फिदीफिदी हसले. तू मांडवातच होतास, दादा. शेजारच्या काकांनी बघितलं. तू पाठ फिरवून पाणी प्यायला लागलास.

परवा बाबांचा फोन आला. फूटपाथ गेला कुठे, एवढंच विचारत होते. मी सांगितलं, तो कधी नव्हताच. दादाने केबलसाठी रेघ मारलेली, मीच तिला फूटपाथ समजलो. वाटलं होतं, निदान एकदा तरी म्हणतील, असं कसं होईल? पण लगेच पटलं त्यांना. धांदरट तो धांदरटच, म्हणाले, आणि दादा वेळेवर जेवतो का ते विचारलं. रविवारी तू घरी जाशील तेव्हा तुलाही विचारतील. मी सांगितलंय तेच सांग. तेही जड जात असेल तर नुसता गप्प राहा. ते तुला जमतं.

तुझाच,
धांदरट