सीतादह्यापासून बंद केलेली गोळी

माय, या पावसाळ्यात मला माझे गुण कळले. जन्मभर शाळेत मी दुसऱ्यांना गुण दिले, आणि म्हातारपणी यवतमाळच्या एका पोरगेल्या डॉक्टरनं ते मला दिले. ठोके वेडेवाकडे पडताहेत, म्हणाला; अशा हृदयात रक्ताची गाठ धरते, ती मेंदूत जाऊन अडकली की लकवा. मग एकेक विचारत गेला. वय किती, बीपी आहे का, शुगर आहे का, आधी कधी झटका येऊन गेला का. प्रत्येक ‘हो’ला गुण. जितके जास्त तितकं वाईट अशी ही परीक्षा, आणि मी त्यात चांगली पास झाले. ‘माझी आई लकव्यानंच गेली,’ मी म्हटलं. ‘यात आईचे गुण नसतात, मॅडम,’ तो म्हणाला, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी लिहून दिली. त्याचं काही चुकलं नाही. पण बाहेर बाकावर येऊन बसले आणि मला तुझा फार राग आला.

कारण तुलाही अशीच गोळी दिली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी मारेगावकडे तुझ्याजवळ आले होते, आणि त्या सकाळी आपल्या वावरात सीतादही होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, दही-भाताचा नैवेद्य, बाया गोळा झालेल्या. तू पहिलं बोंड वेचतेस, त्याचं वाळकं टोक बोटात घुसतं आणि रक्त थांबतच नाही. पूजेच्या कापसावर लाल डाग. तू तो कापूस पटकन ओटीत लपवतेस आणि माझ्याकडे बघून मान हलवतेस, बोलू नको म्हणून. संध्याकाळी चुलीपाशी मी विचारलं, गोळी घेतली का. ‘नाही घेत आता. कापसाले डाग पडते वो, रगत थांबतच नाही. वेचा होऊ दे, मंग घेतो.’ मी ओरडले, रडले. तू भाकरी थापतच राहिलीस. ‘तू मास्तरीन हायेस, पोरायले शिकव. वावरातलं मले नको शिकवू.’ तुझ्यापुढे कोणाची डाळ शिजली होती, की माझी शिजणार?

संक्रांतीच्या आत तू त्याच वावरात कलंडलीस. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एवढ्या बोलघेवड्या बाईकडे दोनच शब्द उरले. पाणी देऊ? ‘होऊ दे.’ दुखतंय का? ‘होऊ दे.’ रडायचीस तेव्हाही तेच. मी तुला माझ्या घरी आणलं. तुझा जावई पायाकडून धरायचा, मी खांद्याकडून, आणि तुझी कूस बदलायचो. तरी पाठ फुटलीच. तू वर्षानुवर्षं तशी पडून होतीस, माय, आणि देवानं तुला लवकर न्यावं म्हणून मी रोज दिवा लावायची. त्यानं ऐकलं नाही. तेव्हापासून मी त्याला काही मागत नाही.

आता तुझा जावईही गेला. मुलगा पुण्याला असतो, फोनवर ‘काळजी घे’ म्हणतो. घेते. गोळी एकही चुकवत नाही. शेजारणी थट्टा करतात, ‘मॅडमले जगायची लय हौस हाय बाप्पा!’ मी हसते. हौस कसली? सकाळी डोळे उघडले की पुन्हा दिवस काढायचा या विचारानंच अंग जड होतं. हे पत्र मी फाडून टाकीन, मुलाच्या हाती लागायला नको. त्याला वाटतं, आई जगण्यासाठी औषध घेते. तुला धरायला आम्ही दोघं होतो, माय. माझी कूस बदलायला कोणी नाही, म्हणून घेते.