यादी माझ्याकडे होती

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तू साठीची झालीस तरी मोठ्या बहिणीने आधी हेच लिहायचं असतं. मी बरी आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं डॉक्टर पुढे बघू म्हणतात. गुडघे कुरकुरतात म्हणून आता तळमजल्यावरच्या दोन खोल्यांतच राहते. मागच्या भिंतीला ओल आली आहे. गवंडी तीनदा येतो म्हणाला आणि आला नाही. चालायचंच.

ईमेल सोडून कागदावर का, असं तुला वाटेल. ईमेल लिहायला घेतली की मी फार पुसते. कागदावर निदान खाडाखोड तरी दिसते.

तुझं भाषण आपल्या भाचीने, दादाच्या लेकीने, तिच्या फोनवर दाखवलं. केस पांढरेच ठेवलेस, छान दिसतात. इंटरनेटवरच्या पत्त्यांचे जुने आकडे संपत आले, नवे लांबलचक आकडे एवढे आहेत की घरातल्या प्रत्येक दिव्याला स्वतःचा पत्ता देता येईल, असं तू सांगत होतीस. कुणीतरी विचारलं, एवढ्या सगळ्यांची नोंद ठेवणार कोण? तू हसून म्हणालीस, कुणा एकाने ती ठेवायचीच नाही. मी भाचीला फोन बंद करायला सांगितलं. डोळे दुखतात म्हटलं.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या होत्या. आपल्या संगणक केंद्राचा इतिहास लिहितायत. त्यांना यादीबद्दल विचारायचं होतं, मी भरभरून बोलले. सुरुवातीला वेगवेगळ्या संस्थांचे संगणक जोडणाऱ्या आपल्या सगळ्या जाळ्यात मिळून अडुसष्ट यंत्रं होती, आणि त्यांची नावं नि आकडे माझ्या एका यादीत. कुठे नवं यंत्र जोडलं की मला फोन यायचा. ते नाव आधी कुणी घेतलेलं नाही ना ते बघून मी एक ओळ वाढवायची, आणि सोमवारी-गुरुवारी सगळ्यांनी यादी आपापल्या यंत्रावर उतरवून घ्यायची. तीन संस्था ‘सूर्य’ या एका नावासाठी भांडत होत्या, तेही त्यांना सांगितलं. यादीत नाव नाही तर यंत्र असून नसल्यासारखं. मोठमोठे प्राध्यापक माझ्याशी अदबीने बोलायचे. तेवढा मान मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही, हे तुला ठाऊक आहे.

मग यंत्रं हजारावर गेली. फोन ठेवला की परत वाजायचा. यादी उतरवून घेताना लाइन तुंबायची, आणि लांबच्या केंद्रात पोचेपर्यंत ती शिळी झालेली असायची. तू तेव्हा शेजारच्या खोलीत यंत्रं जाळ्याला जोडायचं काम करायचीस. तू दहा पानांची योजना लिहिलीस, की प्रत्येक संस्थेने आपली नावं आपणच सांभाळावीत. मला समजावताना म्हणालीस, “ताई, कुणालाच सगळं माहीत असायची गरज नाही. कुणाला विचारायचं एवढं माहीत असलं की झालं.”

केंद्राच्या साहेबांनी योजना नाकारली, आणि दोन महिन्यांत तू राजीनामा देऊन परदेशी निघून गेलीस. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही, असंच तू आजवर समजत आलीस.

इथवर लिहून मी उठले, भांडी घासली, परत येऊन बसले.

साहेबांना सगळं कळलं होतं. योजना त्यांना आवडली होती. यादी माझ्याकडे, म्हणून त्यांनी माझं मत लेखी मागितलं. मी दीड पान लिहून दिलं. संस्था बेजबाबदार आहेत, नावांचा गोंधळ माजेल. आणि योजना लिहिणारी हुशार असली तरी उतावळी आहे, तिच्यावर एवढं काम सोपवू नये. हे शेवटचं कुणी विचारलंही नव्हतं. तुझं बरोबर आहे हे मला तुझ्या दुसऱ्या पानावरच कळलं होतं. पण ती योजना आली की माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा थांबेल, एवढंच मला दिसत होतं.

थांबलाच. तीन वर्षांत बाहेर सगळीकडे तशीच पद्धत आली, आपल्यालाही ती घ्यावी लागली, आणि मला ग्रंथालयात बसवलं.

एवढंच असतं तर नोकरीतलं राजकारण म्हणून तू सोडून दिलं असतंस. पण तू गेल्यावर आईने अंथरूण धरलं. सात वर्षं मी तिचं केलं. लोक म्हणायचे, मोठीने केलं, धाकटी पळाली. मी कुणालाच अडवलं नाही. शेवटच्या आठवड्यात आईने मला विचारलं, “ती का गं गेली?” मी म्हटलं, “तिला मोठं व्हायचं होतं.” आईने भिंतीकडे मान फिरवली.

तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. दादाने तुला सगळ्यांसमोर दारातूनच परत जा म्हटलं. मी आत चादरींच्या घड्या घालत होते. सगळं ऐकू येत होतं.

माझं ते दीड पान इतिहास लिहिणाऱ्या त्या बाईंना केंद्राच्या कपाटात सापडलं. सभ्य आहेत. म्हणाल्या, तुमचं नाव वगळते. मी अकरा दिवस काहीच कळवलं नाही. मग सांगितलं, नावासकट छापा. मोठेपणा नाही गं त्यात. सात वर्षांच्या सेवेचं कौतुक ऐकून ऐकून थकले, एवढंच. त्या पानाची प्रत सोबत ठेवली आहे.

काल दादाकडे जाऊन त्यालाही वाचून दाखवलं. तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, “बावीस वर्षं मी तिच्याशी बोललो नाही, ते मग कशासाठी?”

दरवेळी तो मला फाटकापर्यंत सोडायला येतो, काल उठला नाही. मी चपला घालत होते तेव्हा आतूनच त्याने तुझा नंबर मागितला. मी लिहून दिला. माझं पत्र तिला आधी पोचू दे, मग फोन कर, असं सांगून आले.

मला माफ करायचं की नाही ते राहू दे. नाही केलंस तरी माझी तक्रार नाही. पण दादाचा फोन उचल. त्याला पहिला शब्द सुचायचा नाही. तूच काहीतरी बोल.

तुला घराबाहेर घालवणारी,
ताई