सरावाच्या वेळी मैदानात येऊ नये

सक्करदरा, नागपूर
६ एप्रिल, रविवार

ती. यमुताई हिस,
कृष्णकांतचा सा. नमस्कार.

तुझं पत्र गार्गीने परवा आणून दिलं. मोबाइलच्या जमान्यात नातीच्या हाती चिठ्ठ्या पाठवणारी अख्ख्या कामठीत तू एकटीच असशील. पण तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलवत नाही, तेव्हा हेच बरं. गुडघ्याचे टाके निघाले हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टर सहा आठवडे जिना उतरू नको म्हणतात तर उतरू नकोस. चाळीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलीस, आता थोडं बसून राहा.

इकडे सगळं ठीक. ऊन आत्ताच चाळिशीच्या वर गेलंय. आमच्या हिने कूलरला नवी वाळ्याची ताटी लावली, तेवढाच बदल.

आता तुझा प्रश्न. तुमच्या मुलींच्या फुटबॉल क्लबला अश्विन सरांचा कोच म्हणून अर्ज आलाय आणि त्यासोबतच्या अनुभव प्रमाणपत्रावर आमच्या क्लबचा सचिव म्हणून माझी सही आहे. ‘सही तुझीच ना, आणि माणूस कसा आहे ते अध्यक्ष म्हणून विचारते, बहीण म्हणून नाही,’ असं तू लिहिलंस.

सही माझीच आहे.

माणूस कामाचा आहे. कोचिंगचं डी लायसन्स आहे, वेळेचा पक्का. कोच मिळणं आणि मिळाला तर टिकणं किती कठीण, हे तुला मी सांगायला नको. आमच्याकडे तो येण्याआधी दोन वर्षांत तीन कोच गेले. एकाला शाळेत नोकरी लागली, एक पुण्याच्या अकादमीने उचलला, तिसरा तर न सांगताच यायचा बंद झाला. अश्विन आला आणि आमच्या मुली पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर खेळायला गेल्या. अमरावती, अकोला, दोन्हीकडून कप घेऊन आल्या.

शिस्तीचा कडक आहे. सरावाला पालकांपैकी कोणीतरी मैदानावर बसलेलं असावं, असं मला वाटतं. सहज लिहिलं. उन्हाळ्यात सराव सकाळी ठेवलेला बरा, हेही सहजच.

गार्गी तुमच्या संघात खेळते का अजून? की दहावीसाठी सोडलं? कळव.

तुझा,
कृष्णकांत

---

सक्करदरा
२ मे, शुक्रवार

ती. यमुताई,
सा. न.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आमच्या हिला सर्दी होती, मग पंपाचं काम निघालं, मग टाकी धुतली. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही.

तू लिहिलंस, अश्विनला घेतलं, मुली दहा दिवसांत चपळ झाल्या, गार्गी घरी येऊन एक शब्द न बोलता झोपते, ‘आता दमायला शिकली.’ ते वाचल्यापासून मला जेवण गेलं नाही. परवा शेअर ऑटोत बसून कामठीला आलो होतो. तुझ्याकडे नाही, मैदानावर. तुला भेटलो असतो तर तू चेहऱ्यावरूनच ओळखलं असतंस.

दुपारचे चार. मुली पळत होत्या आणि एकही पालक नव्हता. मैदानावर कुठे माठ नाही, पाण्याचा कॅन नाही. मी तारेच्या कुंपणाबाहेर उभा होतो. गार्गी माझ्यासमोरून दोनदा गेली आणि तिने मला ओळखलं नाही, ताई. माझ्याकडे बघत होती, पण ओळखलं नाही.

अश्विन शांतपणे चालत कुंपणाजवळ आला. तो आवाज कधीच चढवत नाही. म्हणाला, “काका, इतक्या दूर? आठवण आली वाटते.”

मी म्हटलं, “पाणी दे त्यांना.”

“देतो न. जिंकल्यावर.” मग हसला. “तुम्ही काही बोलणार असाल तर सगळंच बोला. शामलाचा अर्ज कोणी दाबला, तेही. माझ्याकडे तुमचे व्हॉट्सॲप आहेत अजून.”

मी परत फिरलो. तुझं घर तिथून दहा मिनिटांवर आणि मी ऑटोत बसून सक्करदऱ्याला आलो. तेव्हा आता सगळंच सांगतो.

मागच्या मे महिन्यात आमच्या क्लबची वैभवी आजारी पडली, असं मी तुला सांगितलं होतं. घरूनच ताप अंगात घेऊन आली होती, असं म्हणालो होतो. ते खोटं होतं.

वैभवी चौदा वर्षांची होती. बाप रुपराव, कळमेश्वरकडचा, दोन एकर करून एमआयडीसीत पाळीवर जाणारा. मुलगी रोज बसने एकटी यायची. पोरीच्या पायात देवाने काय घातलं होतं कोण जाणे, चेंडू तिला सोडून जायचाच नाही. अश्विनची पद्धत अशी की पाणी फुकट मिळायचं नाही, कमवायचं. जी मागेल तिला एक फेरी जास्त. त्याच्या हाताखाली शामला म्हणून तरुण पोरगी होती, आमचीच जुनी खेळाडू. तिने मार्चमध्येच मला लेखी दिलं की मुली उलट्या करतात, एकदा तर एकीची शुद्ध हरपली होती. मी तिला म्हटलं, “बाळ, सीझन होऊ दे.” अर्ज फाइलमध्ये घातला, कमिटीसमोर ठेवलाच नाही. ती काम सोडून गेली. अश्विनला तेव्हा दुसऱ्या एका क्लबने बोलावलं होतं. तो जाऊ नये म्हणून त्याची अट आम्ही ठरावात घेतली: ‘सरावाच्या वेळी पालक व पदाधिकाऱ्यांनी मैदानात येऊ नये.’ ते वाक्य माझ्या हातचं आहे. शुद्धलेखन मीच तपासलं.

त्या दिवशी निवड शिबिर होतं. दुपारचे चार, पारा पंचेचाळीसच्या वर. वैभवीने पाणी मागितलं. त्याने फेरी दिली. पुन्हा मागितलं, पुन्हा फेरी. तिसऱ्यांदा मागताना ती काय बोलतेय ते कोणाला कळेना, जीभ जड झाली होती. चौथ्या फेरीत ती पडली. तो म्हणाला, “नाटक आहे, पडू द्या.” दहा मिनिटं ती तशीच पडून होती. बाकीच्या मुली तिच्या बाजूने पळत होत्या.

हे मला कोणी सांगितलं, असं तू विचारशील. कोणी नाही. मी ऑफिसच्या खोलीत होतो. खिडकी मैदानावरच उघडते. हातात चहाचा कप होता, तो मी संपवला. मनात काय आलं ते लिहितो, नाही तर हे पत्र फाडून टाकलेलं बरं. मनात आलं, आत्ता मधे पडलो तर हा सोडून जाईल, आणि आठ दिवसांवर अकोल्याची स्पर्धा आहे.

अकरा दिवस ती दवाखान्यात होती. वाचली. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने मेंदूचा तोल सांभाळणारा भाग भाजून निघाला. ती आता भिंतीला धरून चालते. एकेक शब्द शोधून शोधून बोलते. बुद्धी शाबूत आहे, तेच वाईट. तिला सगळं कळतं.

क्लबचा अहवाल मी लिहिला. ‘खेळाडू उपाशीपोटी व आजारी अवस्थेत सरावास आली, ही बाब तिने लपवली.’ रुपराव तो वाचून क्लबवर आला. मला वाटलं, आता हा माझी कॉलर धरतो. त्याने हात जोडले. “साहेब, पोरीनं सांगाले पाहिजे होतं न जी. उपाशी काहून गेली, देवालेच ठाऊक. तुमच्या क्लबचं नाव खराब झालं. माफ करजा.” मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि माफही केलं, ताई.

अश्विनला काढलं असतं तर ‘काहून’ विचारलं गेलं असतं. म्हणून तो आपणहून गेला, आणि जाताना प्रमाणपत्र घेऊन गेला. ‘शिस्तप्रिय, ध्येयनिष्ठ.’ एप्रिलमध्ये तू विचारलंस तेव्हाही मला तेच दोन शब्द सुचत होते.

काल रुपरावकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला, “मले नका सांगू. तिले सांगा.” तो आत गेला आणि भिंतीला धरून पोरगी बाहेर आली. तिला मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने बराच वेळ घेतला. मग म्हणाली, “मी... खाल्लं होतं, काका. दोन पोळ्या अन् बेसन. बाबाले सांगितलं. आईले सांगितलं. क्लबवाले खोटं लिहितीन काय, म्हणे.”

एक वर्ष ती हे सांगत होती. बाप दाराच्या आडून ऐकत होता. तो बाहेर आला नाही.

शामलाचा अर्ज आणि माझं लेखी सोबत जोडलंय. कमिटीला दाखव, पोलिसांना दाखव, कोणालाही दाखव. पण त्याआधी गार्गीला मैदानावरून काढ. शामलाला काल गाठलं; हे पत्र ती स्वतः घेऊन येतेय, वाटेत कुठे थांबणार नाही म्हणाली.

कृष्णकांत

---

कामठी, बस स्टँडवरून
११ मे, रविवार, दुपार

ताई,

तू लिहिलंस की मी बोलवेपर्यंत घरी येऊ नकोस. येत नाही. पण आज सकाळी मैदानाच्या फाटकाशी काय झालं ते अध्यक्षाला कळायला हवं. तुझ्या कमिटीतले लोक येऊन जे सांगतील ते वेगळं असेल.

तू गार्गीला घरी ठेवलंस, त्यासाठी तुझे पाय धरतो. कमिटीने तुझं ऐकलं नाही, ‘म्हातारा जुना हिशेब चुकता करतोय, आणि स्पर्धा तोंडावर असताना दुसरा कोच कुठून आणायचा’ असं म्हणाली, यात मला नवल वाटलं नाही. ते दुसरं वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय.

मुलींना चंद्रपूरच्या स्पर्धेला नेणारी बस सहाला निघणार होती. मी साडेपाचला पोचलो, शामला सोबत होती. रुपराव येईल असं वाटलं नव्हतं. तो आला, आणि मुलीला घेऊन आला. माझ्याशी बोलला नाही. वैभवी त्याच्या खांद्याला धरून फाटकापासून बसपर्यंत चालली. वीस-पंचवीस पावलं असतील. सगळे पालक बघत होते. सतरा मुली खिडक्यांमधून बघत होत्या.

कांताबाई म्हणून एक आई आहे, तिची सोनिका गोलकीपर. तीच आधी बोलली, “हे पाहा जी, शिस्त तर लागतेच न. आमच्या पोरी जिंकून राहिल्या. तुमच्या पोरीचं वाईट झालं, पण ते तिकडचं तिकडे.”

रुपराव बोलायला गेला. वैभवीने त्याचा दंड दाबला. मग ती बोलली. तिला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक नाही. एका वाक्याला मिनिट. कोणीतरी मागून म्हणालं, “बस निघाले उशीर होऊन राहिला.” ती थांबली नाही. “मी पाणी... तीनदा मागितलं. तिसऱ्यांदा... माह्या तोंडून... पाणी हा शब्दच... नाही निघाला.”

बसमधून सोनिकाचा आवाज आला. “आई, आमालेबी देत नाही. कॅन गाडीच्या डिक्कीत ठेवते सर. कुलूप लावून.”

कांताबाई बसमध्ये चढली, पोरीची बॅग ओढून खाली टाकली आणि पोरीला हाताला धरून उतरवलं. तिच्यामागे आणखी दोघी उतरल्या. मग तिघी. मला वाटलं, आता सगळ्या उतरतील. मी मोजत होतो.

सहावर थांबलं. बाकीचे पालक जमिनीकडे बघत राहिले. एक बाप मला म्हणाला, “सिलेक्शनवाले येऊन राहिले, सर. एवढी एक मॅच होऊ द्या.” माझ्याच गळ्यातला आवाज वाटला मला तो.

अश्विन सगळा वेळ बसच्या दाराशी उभा होता. कपाळावर आठी नाही. शेवटची मुलगी उतरली तेव्हा त्याने आत डोकावून मोजलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला,

“अकरा आहेत, काका. अकराच लागतात न.”

बस गेली.

बदलीला एकही मुलगी नाही, ताई. जी दमेल तिला बाहेर काढता येणार नाही.

रुपराव उद्या माझ्यासोबत पोलीस ठाण्यात येतोय, अश्विनविरुद्ध आणि माझ्याविरुद्ध जबाब द्यायला. मीच म्हटलं त्याला, दोन्ही नावं लिही. तो “हो” म्हणाला. आज दिवसभरात माझ्याशी बोललेला तो एकच शब्द.

शामला बसच्या मागोमाग एसटीने चंद्रपूरला गेली. बाराला तिचा फोन आला, की तिथे वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा आहे, ती पाण्याचे कॅन घेऊन मैदानाशी बसलीय आणि आयोजकांना शोधतेय. त्यानंतर तिचा फोन लागत नाही. मी दर पाच मिनिटांनी लावतोय. सामना साडेतीनला आहे. आत्ता पावणेतीन झालेत.

हे पत्र दारात ठेवून, बेल वाजवून मी निघून जाईन. तुझ्या कमिटीतला कोणीतरी बसमध्ये गेलाय, त्याचा नंबर तुझ्याकडे असेल. त्याला फोन लाव. ऐकू आलं नाही तरी तू बोल. अध्यक्ष म्हणून बोल.

भाऊ म्हणून लिहायची अजून परवानगी नाही, म्हणून नुसताच,
कृष्णकांत