गप्प बसलेला भोंगा

प्रिय कुबात,

सुयुन दूध न्यायला कुरणावर येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. तंबू आजच ओढ्याकाठून वरच्या टेकाडावर हलवा, हे त्यालाही बजावलंय. पण तो वाटेत तंबूतंबूत घोडीच्या दुधाचं आंबट कुमीस पीत बसेल आणि अर्धं विसरेल. शिवाय नुसतं 'हलवा' म्हटलं तर तू म्हणशील, "नारीन शहरात नोकरी लागली आणि ताई भित्री झाली." म्हणून कारणासकट लिहितेय.

आईला सकाळी फोन केला होता. गुडघे तसेच, जीभ त्याहून तिखट. तुझा फोन तिनं संदुकीत ठेवलाय, दरवर्षी वर जाताना तू देतोस तसा. कुरणात रेंजच नाही, मग कशाला न्यायचा, हे तुझंच म्हणणं. त्या फोनवर आमच्या पूर-इशारा कार्यालयाचा एक निरोप आला होता. तो कुणीच वाचला नाही.

ओढ्याच्या वरच्या घळीत पाणी मोजायचं यंत्र बसवलं, तेव्हा देखभालीला तुझं नाव लिहिलं होतं. त्या यंत्राला उपग्रहावरून आमच्या संगणकाशी बोलायचं तर एपीआय की लागते, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक खूण. ती पटली तरच संगणक त्याचं ऐकतो आणि तुमच्या तळावरचा भोंगा वाजवतो. मध्यंतरी दुसऱ्या कुठल्याशा कार्यालयातली अशीच एक की चोरीला गेली आणि आमचे साहेब हादरले. मग आमच्या इथल्या संगणकवाल्या मिरलाननं संगणकात कामांची एक साखळीच जोडून दिली. ती आपली आपण चालते: बरेच महिने न वापरलेल्या की शोधते, ज्याच्या नावावर असतील त्याला फोनवर विचारते, आठवडाभर उत्तर आलं नाही तर पुसून टाकते. मौन म्हणजे संमती. मिरलाननं सगळ्यांना मटण भरलेले समसे खाऊ घातले, मीही दोन खाल्ले.

घळीतलं यंत्र हिवाळाभर बर्फात असतं. पाणी चढलं तरच बोलतं, एरवी गप्प. साखळीला ते मेलेलं वाटलं आणि तिनं त्याची की पुसली. पुसलेली परत आणता येत नाही. नवी की यंत्रापाशी जाऊन हातानं घालावी लागते. मिरलान पांढराफटक पडलाय. "मी तर कचरा काढला, ताई," एवढंच म्हणतो.

बाबा जन्मभर ओढ्याकाठी तंबू ठोकू देत नव्हते. "पाण्याच्या वाटेत झोपायचं नसतं," म्हणत घोड्यांनाही हाकलायचे. भोंगा आल्यावर मीच त्यांना चिडवलं, "आता तो जागा राहील, तुम्ही झोपा." बाळाच्या धुण्याला पाणी जवळ पडेल म्हणून काठावरची जागा तुझ्या बायकोला, ऐझादाला, मीच सुचवली. तिनं किती विश्वासानं मान डोलावली होती. मला फार भीती वाटतेय, कुबात.

बचाव पथकाला कळवलंय, पण त्यांची गाडी दुसऱ्या खोऱ्यात अडकलीये. मी आणि मिरलान नवी की आणि हत्यारं घेऊन मागोमाग निघतोय, तरी सुयुन आमच्या आधी पोचेल. नुसती की पुसली गेली असती तर मी एवढी घाबरले नसते. पण आज संगणकानं नाकारलेले निरोप पाहिले. घळीतलं यंत्र काल दुपारपासून पुन्हापुन्हा बोलतंय, आणि आमचा संगणक दर वेळी 'ओळख पटत नाही' म्हणून त्याला परत पाठवतोय. भोंगा गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पत्राची घडी घालत बसू नकोस, आधी बाळाला उचल.

वाटेवर असलेली,
तुझीच ताई,
चोल्पोन