हार्विकसाहेबांचं पाठांतर

७ एप्रिल २०१३, रविवार

पोचलो. विमानतळावर मुलगा रत्नदीप, सून एकता आणि नात अवनी, तिघंही हजर. अवनीच्या हातात रंगीत पाटी होती, 'आजोबा' हा शब्द इंग्रजी अक्षरांत. मी म्हटलं, चालेल, आजोबा तर मराठीच आहे ना.

घर आंग मो किओ नावाच्या भागात, नवव्या मजल्यावर. इथे धुतलेले कपडे बांबूत ओवून तो बांबू खिडकीबाहेर आडवा टाकतात. माझा लेंगा सिंगापूरच्या आकाशात झेंड्यासारखा फडकताना पाहून एकता खूप हसली. मीही हसलो. माझी बायको लता गेल्यानंतरच्या दोन वर्षांत यावलच्या घरी असं कोणी हसलं नव्हतं.

माझी खोली छोटी पण उजेडाची आहे. बुद्धमूर्तीला एकताने आधीच कोनाडा करून ठेवलाय. संध्याकाळी सगळे बसलो तेव्हा मी चौथीच्या जुन्या पुस्तकातली ओढ्याची कविता म्हणून दाखवली:

थांब जरासा, म्हणे पायरी, पाण्या कसली घाई?
मागे वळुनी पाणी बोले, समुद्र हाका देई.

एकूण सात कडवी आहेत. तिसऱ्याला अवनी इथल्या इंग्रजीत म्हणाली, टू लाँग लाह, आजोबा. रत्नदीप फोनवर होता. असू दे. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, पहिल्या दिवशी कुठलाच वर्ग ऐकत नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

आठ वाजेपर्यंत घर रिकामं होतं. रत्नदीप चांगी बिझनेस पार्कला, एकता तिच्या लॅबमध्ये, अवनी शाळेत. मग मी खाली जाऊन बसतो. इमारतीच्या तळाला खांबांमधली मोकळी जागा असते, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. चिनी म्हातारे तिथे सोंगट्या खेळतात. मी मनातल्या मनात कविता म्हणतो. आज ओठ हलत असावेत, कारण शेजारच्या बाकावरच्या गोऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, कोणाची प्रार्थना चाललीय?

नाव क्लेमंट हार्विक. वय एकोणऐंशी. याच इमारतीत अकराव्या मजल्यावर, वारलेल्या चिनी बायकोच्या घरात एकटे राहतात. नट आहेत! सिनेमातले, टेलिव्हिजनचे. बाप इंग्लंडातल्या हल नावाच्या बंदरात मासळीच्या पेट्या वाहायचा. सोळाव्या वर्षी हे नाटक कंपनीत भाला धरून उभे राहिले. पहिल्या सिनेमात 'तिसरा खलाशी'. मग एकसष्ट साली मलायात एका सिनेमाचं काम निघालं आणि यांना अंगाला तपकिरी रंग लावून मलाय नावाडी केलं. नशीब फळफळलं. त्यानंतर ब्रह्मी आचारी, सिंहली भिक्खू, सिंधी शिंपी. शेवटी इंग्लंडच्या टेलिव्हिजनवर अकरा वर्षं 'डॉक्टर राव'. रस्त्यात लोक हात जोडून नमस्कार करायचे म्हणे.

अठ्ठ्याऐंशी साली कंपनीने सांगितलं, आता हे शोभत नाही, भारतीय डॉक्टर भारतीयच करील. मग ते इंग्रज माणसाच्या कामासाठी चाचणी द्यायला गेले. दिग्दर्शक म्हणाला, तुम्ही इंग्रज वाटत नाही. हे सांगताना ते इतके हसले की मलाही हसू आवरेना.

२५ एप्रिल, गुरुवार

मी शिकवणी सुरू केली आहे! हार्विकसाहेबांना नवी भूमिका मिळालीय. परदेशी मुलाकडे राहायला आलेला मराठी मास्तर. त्यांना कविता पाठ करायच्यात, मराठीतून. म्हणाले, विद्यार्थ्याला कोणी अहो म्हणत नाही, मला तू म्हणा. एका साहेबाला तू म्हणायला मला एकाहत्तर वर्षं लागली.

माझी पद्धत जुनीच. मी एक ओळ म्हणायची, त्याने तीनदा. दुसऱ्या दिवशी न अडखळता अख्खी कविता म्हटली, की मी प्रत्येक पोराला सांगत आलो तेच सांगतो: "आता ही माझी नाही. आता ही तुझी." पोरांची छाती फुगायची. हार्विकने मात्र डोळे मिटले आणि ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

मी कविता कशा शिकलो तेही त्याने विचारलं. सांगितलं. गावच्या शाळेत पहिली दोन वर्षं मला वर्गाच्या दाराबाहेर बसवलं होतं. पुस्तक नव्हतं. गुरुजींचा आवाज दारातून येईल तेवढा घ्यायचा. आतली पोरं विसरायची, मी बाहेर बसून पाठ करायचो. एकदा गुरुजीच अडले, तेव्हा पुढची ओळ बाहेरून मी म्हटली. सगळा वर्ग दाराकडे बघत राहिला. माझ्या बापाकडे जमीन नव्हती, घरात भांडी मोजकी. या कविता तेवढ्या माझ्या मालकीच्या झाल्या.

हार्विक माझ्या तोंडाकडे बघत होता. ऐकत नव्हता, बघत होता.

९ मे, गुरुवार

काल हार्विकला जेवायला बोलावलं. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. तो मांडी घालून बसला. त्याचं मराठी ऐकून रत्नदीप थक्क. जेवणानंतर त्याने ओढ्याची कविता म्हटली, आणि अवनी त्याच्या गुडघ्याला टेकून सगळी ऐकत राहिली. वन्समोअर मागितला. सातही कडवी!

एकता म्हणाली, अगदी बाबांसारखं म्हणतात. रत्नदीप म्हणाला, बाबांपेक्षा बरं. थट्टेत म्हणाला. मी ताट उचलून आत गेलो.

एक किरकोळ गोष्ट. तो म्हणत असताना मी सवयीने मनात पुढची ओळ धरायला गेलो. 'पाण्या कसली घाई.' पुढे काही आलंच नाही.

२१ मे, मंगळवार

वय झालं असं चार दिवस म्हणत होतो. आज कागद घेऊन बसलो. दुसरीतली पतंगाची, पाचवीतली कुंभाराची, सातवीतली निरोपाची. शिकवलेल्या एकूण एक गेल्या. न शिकवलेल्या जशाच्या तशा आहेत.

पहिल्या पानावर ओढ्याच्या दोन ओळी माझ्याच हाताने लिहिलेल्या सापडल्या. दहादा वाचल्या. वही मिटली की गेल्या.

३० मे, गुरुवार

हार्विकच्या घरी गेलो. चित्रीकरण कधी, असं स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, कसलं चित्रीकरण? अठ्ठ्याऐंशीनंतर त्याला कोणी बोलावलेलंच नाही. कॅमेरा सुटला, पण दुसऱ्याच्या अंगात राहायची सवय सुटली नाही. स्वतःच्या अंगात तो कधी राहिलाच नव्हता.

मग त्याने अल्बम दाखवला. प्रत्येक पानावर दोन फोटो. डावीकडे खरा माणूस, ज्याच्याजवळ राहून त्याने सोंग उचललं. उजवीकडे तो. उजवीकडचा जास्त खरा वाटतो. खरा मलाय नावाडी नंतर स्वतःच्याच धक्क्यावर येऊन ही होडी कोणाची म्हणून विचारायचा. डॉक्टर राव लेस्टर गावात खरोखर होते. एका सकाळी त्यांना हृदय कुठल्या बाजूला असतं ते आठवेना.

तो हे प्रेमाने सांगत होता. म्हणाला, मी चोरी कधी केली नाही. ज्याने त्याने आपल्या तोंडाने दिलं. तुम्ही तर मास्तर, दर वेळी बजावून दिलंत.

शेवटचं पान. डावीकडे माझा फोटो, व्हॉइड डेकवरचा. मी कधी काढू दिला नव्हता. उजवी बाजू कोरी.

४ जून, मंगळवार

पाच दिवस गेलो नाही. रत्नदीप म्हणतो, बाबा, घरात बसून डोकं पिकवू नका, एवढा चांगला मित्र मिळालाय. सांगायचा प्रयत्न केला. एकताने डॉक्टरांची वेळ घेतली.

मी जात नसलो तरी तो येतो. अवनीला शिकवतो. मी आतल्या खोलीतून ऐकतो. न शिकवलेल्या कविताही आता त्याच्याकडे आहेत. बहुधा तो बाहेर बसलेला असताना मी झोपेत पुटपुटतो.

सकाळी वंदनेला बसलो. हात जोडले गेले. तोंड उघडलं. काही नाही.

आता एकच राखायचं आहे. लता चारचौघांत मला अहो म्हणायची. एकांतात एका वेगळ्याच नावाने हाक मारायची. ते नाव मी कोणाला सांगितलेलं नाही, या वहीतही लिहिलेलं नाही. रत्नदीपने लहानपणी भिंतीपलीकडून एखाददा ऐकलं असेल तेवढंच. बाकी सगळं ने, म्हणावं त्याला. ते द्यायचं नाही.

१२ जून, बुधवार

वही चाळली. पंचवीस एप्रिलला दाराबाहेर बसणाऱ्या एका मुलाची हकिकत आहे. वाचून वाईट वाटलं. कोणाचा मुलगा, कळेना.

अक्षर माझं आहे.

मला आठवतंय ते मासळीच्या पेट्यांचं. ओल्या लाकडाचा वास, बापाच्या हातावरचे खवले — मी हल कधी पाहिलेलं नाही.

१७ जून, सोमवार

बाहेर धूर. सुमात्रात जंगलं जळतायत म्हणे. खिडक्या बंद, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. एकताने मास्क आणले. चार. तिघांना तीन, चौथा हार्विकसाठी. मला म्हणाली — इंग्रजीत म्हणाली — दुकानात अजून मिळतील.

इंग्रजीत का?

२० जून

लिफ्टपाशी. धूर खालीही. दार उघडलं, आत ते तिघं आणि तो. माझा सदरा, माझा लेंगा, मास्क. अवनीने त्याचं बोट धरलेलं. मी म्हटलं, रत्नदीप — म्हटलं की नुसतं वाटलं?

त्याने बटणावर हात ठेवला. सभ्यपणे. "अंकल, नेक्स्ट लिफ्ट, ओके?"

माझ्या पोराने. त्याच्या डोळ्यांत ओळख लपवल्याचं काही नव्हतं. नव्हतंच काही.

दार मिटताना रत्नदीप बाकीच्यांना मराठीत म्हणाला, बिचारे एकटे असतात. अकराव्या मजल्यावर.

२१ जून

अकरावा मजला. किल्ली माझ्या खिशात निघाली. आरशात बघितलं नाही.

हार्विक दुपारी आला. समोर बसला. हट्ट नाही. विद्यार्थी विचारतो तसं. त्यानेच सांगितलं, काल रत्नदीपने त्याला सहज विचारलं, आई तुम्हाला कुठल्या नावाने हाक मारायची हो बाबा, लहानपणी ऐकलं होतं. तो अडला. साठ वर्षांत पहिल्यांदा अडला. आणि पोरगा बघत राहिला त्याच्याकडे. बराच वेळ.

म्हणजे अजून आशा —

जोवर ते माझ्याकडे आहे, तोवर रत्नदीप पुन्हा विचारील. पुन्हा अडेल तो. मग पोरगा वर बघेल, जिना चढेल —

सांगणार नाही. ओठ दाबून बसलोय.

पण तेही निसटतंय. सकाळी होतं. आता निम्मं. शेवटचं अक्षर — लिहून ठेवलं नाही तर संध्याकाळपर्यंत —

खुर्ची सरकली. तो मागे येऊन उभा आहे. वाचतोय. बाराखडी मीच गिरवून घेतली त्याच्याकडून —

लिहू नये. लिहिलं नाही तर जाईल. लिहिलं तर —

एकांतात लता मला म्हणायची