दहापैकी समाधान

मालवण, ४ नोव्हेंबर १९६३
मुंबईच्या सर्जनसाहेबांचा निरोप. तारकर्लीचा सत्यवान मुलगी म्हणून जन्मला. साहेबांनी ऑपरेशन केलं, आता पुरुष म्हणून राहतो. हार्मोनची इंजेक्शनं मीच देतो. जखम भरली, माणूस सुखी आहे का ते कळवा म्हणतात. योग्य डॉक्टर निवडला. मी समाधान दहापैकी मार्कांत मोजणार. पुढे कॉन्फरन्समध्ये भाषण. सूट शिवायला हवा.

९ नोव्हेंबर
सत्यवान आला. दाढी फुटलीय. विचारलं, दहापैकी किती? म्हणाला, "बरां आसा." आकडा सांग म्हटलं. म्हणाला, "बरांच आसा." शास्त्रीय शिस्त नाही. उद्यापासून चिकाटी.

१० नोव्हेंबर
डोकं जड. चिकाटी सोमवारपासून.

१८ नोव्हेंबर
तारकर्लीला गेलो. बाप विठोबा जाळं सांधत होता. बाईमाणसाला होडीवर नेत नाहीत, म्हणून सत्यवानला अजून किनाऱ्यावरच ठेवतो. "लोक काय म्हणतले?" म्हणाला. आई यमुनाबाई ओरडली, "तुझो झील मां तो?" झील म्हणजे मुलगा. सत्यवान समुद्राकडे तोंड करून उभा.
निष्कर्ष: असमाधानी. ऑपरेशन फुकट. भाषणाला मुद्दा उत्तम.

२ डिसेंबर
निष्कर्षाची पंचाईत. सत्यवान इंजेक्शनला आला. हात दोरीने सोललेले, अंगाला मासळीचा वास. "बापाशीन होडयेर घेतल्यान!" एवढंच तीनदा म्हणाला आणि हसत रडला. आकडा विचारायचा राहिला.

३ डिसेंबर
तुलनेला नॉर्मल माणूस हवा. स्वतःला घेतलं. शेवटचा आनंद कधी झाला? आठवेना. वेळ नव्हता, म्हणून दहा मार्क दिले.
बायकोला, प्रेमलतेलाही विचारलं. भांडी घासत होती. म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा विचारलंत. आकडा तिनेही दिला नाही. ह्या भागात गणित कच्चं.

१२ डिसेंबर
प्रेमलता बांद्याला भावाकडे गेली. अंथरुणासकट. कधी येणार विचारलं, तर म्हणाली बघू. मी बरं म्हटलं. विशेष काही वाटलं नाही. नाडी व्यवस्थित.

१६ डिसेंबर
साहेबांना कळवलं: सत्यवान सुखी आहे. मार्क लिहिले नाहीत. सूट रद्द.
संध्याकाळी तो बांगडे घेऊन आला. घरात अंधार बघून म्हणाला, "डॉक्टरानु, तुमका बरां आसा मां?" उत्तम, म्हटलं. थोडा वेळ पायरीवर बसला, गेला.
बांगडे तसेच पडलेत. साफ कसे करतात, त्याला विचारायला हवं होतं.